बंद पाकीट

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी चौसष्ट वर्षांचा होतो. शाळा माझी चौथीपर्यंत, रत्नागिरीच्या खाडीकाठची. पण कुवेतमध्ये पस्तीस वर्षं मी एका कंपनीचा मंदूब आहे. म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. अरबी वाचतो थोडं, बोलतो भरपूर, आणि शिक्का पक्का की कच्चा हे लांबून सांगतो. आता पुष्कळ काम मोबाइलवर गेलं, म्हणून कंपनी मला आठवड्यातून तीनच दिवस बोलावते.

त्या वर्षी माझ्या मुलीने मोठ्या विद्यापीठात जायचं ठरवलं. वय अडतीस. लग्न लवकर झाल्याने तिचं शिक्षण राहिलं होतं आणि ते लग्न मीच जमवलं होतं, हे इथेच लिहून टाकतो. पोरं मोठी झाल्यावर तिने सालमियात दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनचं काम धरलं आणि संध्याकाळचं एक छोटं कॉलेज दोन वर्षं केलं. आता तिथून ट्रान्सफर घेऊन थेट विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाणार म्हणे. तिथे बाहेरून मोजकेच लोक घेतात.

आम्हाला ट्रान्सफर माहीत ती इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची. एका कफीलाकडून दुसऱ्याकडे. जुना मालक सही देतो तेव्हाच माणूस सुटतो. मी विचारलं, "मग हे कॉलेज तुला सोडणार काय?"

"अब्बा, कॉलेज काय माझा कफील आहे?" ती हसायला लागली. "मी जे शिकले ते तिकडे धरतात. सगळं नाही, काही."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं परत शिकायचं."

हे मला काही पटेना. शिकलेलं परत कसं शिकायचं? आधीचं डोक्यातून काढून घेतात काय? तिच्या पोरांना विचारलं तर ती इंग्रजीत काहीतरी बोलून आपापल्या मोबाइलकडे वळली. मग मी रोज जेवताना तिला एकेक विषय विचारायला लागलो. एक होता लोकांची मोजणी करून अंदाज काढण्याचा. मी म्हटलं, "कुठल्या खिडकीची रांग आधी संपेल ते मी बघून सांगतो. मला पण दे मार्क."

"तुम्हाला पूर्ण मार्क, अब्बा. आता भात घ्या."

अर्जाची शेवटची मुदत गुरुवारी दुपारी एकपर्यंत. कॉलेजातून मार्कांचं पाकीट आणायचं होतं आणि दवाखान्यात सुट्टी मिळेना. मी म्हटलं, कागदाचं काम आहे ना? मग तू मध्ये पडू नको.

बुधवारी गेलो. खिडकीवरच्या केरळच्या बाईने पाकीट दिलं. झाकणावर आडवा शिक्का आणि इंग्रजीत एक ओळ. इंग्रजी मी आकड्यांपुरतंच वाचतो. आता माझा नियम असा, की कागद बघितल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तिथल्याच खुर्चीवर बसलो, खिशातल्या चाकूने झाकण सरळ रेषेत कापलं आणि कागद काढले. तीन पानं. प्रत्येकावर सही, शिक्का ओला दिसत नव्हता, कोपरे नीट. बावीस विषय होते. बोट ठेवून मोजले. यातले कुठले धरतील आणि कुठले टाकतील, याचा विचार करत किती वेळ बसलो कोण जाणे. मग बाहेर दोन झेरॉक्स काढल्या, पाकिटाला डिंक लावला आणि घरी येऊन ऐटीत तिच्या हातात दिलं.

तिने झाकणावरून अंगठा फिरवला. "अब्बा, हे उघडलंत?"

"मग? न बघता आणतो काय मी?"

ती खुर्चीवर बसली. "हे त्यांना बंदच द्यायचं असतं. उघडलेलं घेत नाहीत. त्यांना वाटतं, आतले मार्क बदलले."

"तुझेच मार्क आणि तुलाच दाखवायचे नाहीत?"

"नाही."

आमच्या कामात कुठलीही खिडकी आधीच्या खिडकीचा कागद उघडाच मागते. बंद कागदावर विश्वास ठेवणारी कचेरी मी पहिल्यांदा ऐकली. मी म्हटलं, "मी बोलतो त्यांच्याशी."

"तुम्ही कुणाशी बोलू नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी पण भांडलो असतो. नुसती उठून पोळ्या करायला गेली. लग्न ठरलं तेव्हाही ती अशीच गप्प उठून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी कॉलेजच्या बंद खिडकीसमोर उभा होतो. बसमध्ये थाप जुळवून ठेवली होती, की उन्हाने डिंक सुटला. आठ वाजता बाई आली.

"क्या चाचा, फिर?"

थाप तोंडात होती, पण मग संशय पोरीवर गेला असता. म्हटलं, "मैंने खोला. बेटी ने हाथ भी नहीं लगाया. गलती मेरी है." हे वाक्य मी कुठल्याच खिडकीवर कधी बोललो नव्हतो.

"मालूम है. कल इधरच बैठके खोला, मैं देख रही थी."

"तो बोला क्यों नहीं?"

"आप इतनी शान से काट रहे थे, मेरे को लगा दूसरा काम होगा."

तिने नवीन कागद काढले, पण सही करणारा साहेब साडेदहाला आला. पाकीट बंद होऊन, शिक्का बसून हातात पडेपर्यंत अकरा वाजून गेले. टॅक्सीत ते मांडीवर उलटं ठेवलं. या खेपेला तीनच पानं आहेत की चार? सही तीच की दुसरी? बोटं सारखी झाकणाकडे जायची. शेवटी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

विद्यापीठाच्या खिडकीवर बारा वीसला पोचलो. आतल्या माणसाने अरबीत विचारलं, किती पानं आहेत?

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी बघितलं नाही." आणि पाकीट आत सरकवलं.

पोचपावतीवरचा शिक्का मात्र उजेडाकडे धरून दोनदा बघितला, तेव्हाच खिडकी सोडली.