मालनच्या तोंडची आत्या

मालन पेडणेकर आमच्या वाचन मंडळात आली ती सूड घ्यायला. पुस्तकांची आवड वगैरे काही नाही. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही, कारण तो सूड मलाही बघायचा होता. खोटं कशाला बोलू!

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. दर गुरुवारी दुपारचा चहा झाला की आम्ही सात-आठ बायका सोसायटीच्या ऑफिसात जमतो आणि एखादी जुनी, नावाजलेली कादंबरी मोठ्याने वाचतो. मंडळ नीलाचं, म्हणून नियमही नीलाचे. घरी पुढचं वाचायचं नाही. पहिली दोन प्रकरणं झाली की प्रत्येकीने आपलं पहिलं मत सांगायचं, आणि एक बोलत असताना दुसरीने तोंड उघडायचं नाही. नीला अतिशय गोड बाई. इतकी गोड, की तिच्याशी जरा वेळ बोललं की मला घरी जाऊन लोणचं चाटावंसं वाटतं.

मालन माझ्या भिंतीपलीकडची. माहेर कणकवलीकडचं. लग्न होऊन भांडुपच्या चाळीत आली तेव्हा सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पाठोपाठ नवराही गेला. मालनने औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला उभं राहून संसार ओढला, आमच्या सोसायटीत वन बीएचके घेतला आणि एकुलत्या एका प्रांजलला शिकवलं. प्रांजल घाटकोपरच्या एका लॅबमध्ये लागली. मग डोंबिवलीचं स्थळ आलं. मुलगा प्रांजलला आवडला होता, त्याला ती आवडली होती. मालन दादरला जाऊन शालूसुद्धा बघून आली होती.

आता, स्थळ पक्कं करायच्या आधी शेजारीपाजारी चौकशी होतेच. मुलाच्या मावशीने कुणाकडून तरी नंबर मिळवून नीलाला फोन केला. नीला म्हणाली, "मुलगी अगदी सोन्यासारखी आहे हो. फक्त... जाऊ दे, आपण कशाला बोला." एवढंच. आठवड्याभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

त्या 'फक्त'च्या पुढे काय होतं? काही नव्हतं. प्रांजलचं ना कुठे काही होतं, ना कधी पाऊल वाकडं पडलं होतं. पण रिकामी जागा दिसली की लोक त्यात काय वाटेल ते भरतात. बातमी डोंबिवलीहून ठाण्याला गेली, आणखी दोन स्थळं फिरली, आणि शेवटी घाबरून मालनने विरारला घाईघाईत लग्न लावून दिलं. दीड वर्षात प्रांजल बॅग घेऊन परत आली. तिच्या मनगटावरचा चटक्याचा डाग अजून आहे.

फोनची गोष्ट मालनला कळली ती त्या मावशीकडूनच, एका लग्नाच्या पंगतीत. मावशीला वाटलं आपण मोठं शहाणपण केलं. "बरं झालं हो, तुमच्या त्या नीलाताईंनी वेळेवर सावध केलं," असं नीलाचा नंबर देणाऱ्या बाईला सांगत होती. दुसऱ्या बाजूला बसलेली मालन तिला ओळखू आली नाही. मालन हात न धुता पंगतीतून उठून घरी आली.

मी म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता जाऊ आणि झिंज्या उपटू तिच्या." मालन म्हणाली, "ती विचारेल, मी कुठे काय बोलले? आणि बोललीच कुठे गो ती? बोलली असती तर धरली असती." त्यानंतर आठ वर्षं मालन दर संक्रांतीला नीलाकडे गेली, तिच्या हातचे तिळगूळ घेतले आणि ते जिन्यात कुंडीत टाकले. मी असते तर माझं पोट फुटलं असतं.

यंदा मालन मंडळात आली आणि मंडळाने जी कादंबरी घेतली ती आमच्या आज्यांच्या काळची. आईबाप नसलेली एक भाची आत्याकडे राहायला येते, तिथून सुरुवात. आत्या तिला न्हाऊ घालते, वेणी घालते, आल्यागेल्याला "माझीच पोर" म्हणून दाखवते. दोन प्रकरणं झाली आणि मतं सुरू झाली. सोनूबाई आमच्यात सगळ्यात मोठ्या. त्या म्हणाल्या, "दोन प्रकरणं झाली, नुसते जेवतातच आहेत. गोष्ट कधी सुरू होणार?" मी म्हटलं, आत्या बरी वाटते. नीला म्हणाली, "आत्या म्हणजे नुसती माया आहे गं, माया! मला तर रडूच आलं."

मग मालनची पाळी.

"मला ही बाई आवडली नाही," मालन म्हणाली. "पोरीबद्दल परक्या माणसाशी बोलायची वेळ आली की ती वाक्य अर्धं सोडते. दोनदा सोडलंय, बघा हवं तर. अशी एक बाई मला ठाऊक आहे." आणि तिने डोंबिवलीचा फोन सांगितला. नाव नाही, गाव नाही, फक्त एक आई, एक मुलगी आणि फोनवरची एक शेजारीण. आवाजही चढवला नाही. घाईच्या लग्नापर्यंत आली तेव्हा सोनूबाई डोळे पुसत होत्या.

नीलाने स्वतःचाच नियम मोडला. "शी! काय एकेक बाई असते! असलीला आपण दारात उभं करू नये."

"मग आता तू घरी कशी जाणार, नीला?" मालन म्हणाली.

मला हर्ष झाला. हाच शब्द आहे. आता ही रडेल, आता कबूल करेल, किंवा भांडेल तरी, म्हणून मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले.

नीला गोंधळून मालनकडे बघत राहिली. "मी? मी असं म्हणाले? शप्पथ गं मालन, मला काहीच आठवत नाही."

आणि वाईट म्हणजे ती खरं बोलत होती. खोटं बोलताना नीला आधी पदर सारखा करते. त्या दिवशी तिचे हात मांडीवर तसेच पडले होते.

जिना चढताना मालन माझा दंड धरून म्हणाली, "तिका आठवणा नाय, उत्तरा! माझ्या पोरीचा वाटोळा केल्यान आणि इसारली!" नाकारलं असतं तर मालनला चाललं असतं. पण जी गोष्ट तिने इतकी वर्षं निखाऱ्यासारखी जपली, ती नीलाच्या लेखी घडलीच नव्हती. वर प्रांजल दारातच उभी होती. तिला कुणीतरी फोन करून सांगितलंही होतं. "आई, चार बायकांत माझी गोष्ट काढलीस? सोड ना यार आता!" मालन म्हणाली, "तुझी नाही काढली. तिची काढली." माय-लेकी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मला वाटलं आता मालन मंडळात पाय ठेवणार नाही. पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. आम्ही संवाद वाटून घेऊन वाचतो. मालन म्हणाली, "आत्या मी वाचणार."

तिचे वडील दशावतारात बायकांची कामं करायचे. कुणाचाही आवाज उचलायची कला मालनला तिथून आलेली. आम्ही ती आजवर फक्त दूधवाल्याच्या नकलेत पाहिली होती. तिने आत्याचं पहिलं वाक्य वाचलं आणि मी पुस्तकातून मान वर केली. आवाज नीलाचा. तेच लांबवलेले शब्द, टोचून बोलायच्या आधीचं तेच बारीक हसू, हनुवटीला लावलेलं तेच बोट. सोनूबाईंनी तोंडात पदर कोंबला. पहिल्या वेळी नीलाही हसली. दुसऱ्या गुरुवारी ती कमी हसली. तिसऱ्या गुरुवारी चहा तिच्याकडे होता, तो तिने सांडला.

कादंबरीतली आत्या आता उघडी पडायला लागली होती. चौथ्या बैठकीत भाचीला बघायला पाहुणे आले. पाहुणीने विचारलं, मुलगी कशी आहे? मालनने आत्या वाचली, "पोर गुणाची आहे हो. बाकी..." आणि मान वर करून नीलाकडे बघत गप्प बसली.

"थांब," नीला म्हणाली. "मेथी निवडत होते मी. फोन खांद्याला अडकवला होता. त्या बाई म्हणाल्या, काही सांगण्यासारखं असेल तर मोकळेपणी सांगा. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पण नुसतं चांगलं बोलून फोन ठेवावासा वाटेना. सगळी सोसायटी तुझ्या प्रांजलचं कौतुक करत होती आणि माझा निलेश दुसऱ्यांदा नापास झाला होता." ती हुंदके द्यायला लागली. "मग मी मेथीची भाजी केली आणि जेवले. मालन, मी प्रांजलच्या पाया पडते. आत्ता येते वर."

सोनूबाई उठून नीलाच्या पाठीवर हात ठेवायला निघाल्या होत्या. मालनने त्यांना हातानेच बसवलं.

"वर येऊ नकोस," मालन म्हणाली. "पाया पडशील, रडशील, आणि मोकळी होशील. ते मी होऊ देणार नाही. आठवलं ना तुला? आता ते तुझ्याजवळ राहू दे."

मग तिने चष्मा पुसला, पान सरळ केलं आणि आत्याचं पुढचं वाक्य वाचलं, नीलाच्याच आवाजात.