काटा आधी हलला

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. सगळं आयुष्य आवाज मोजण्यात गेलं. जे मीटरवर दिसत नाही ते नाहीच, असं मी लोकांना ऐकवायचो. पण ही गोष्ट मीटरवरच दिसली... म्हणून लिहितोय.

एकावन्न-बावन्न सालचा सुमार. कोल्हापुरात तेव्हा सिनेमे बनत. राहायला मी शिवाजी पेठेत, नोकरी एका स्टुडिओत — साऊंड रेकॉर्डिस्ट. काचेमागच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि मीटरच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा लाल पट्टीत गेला की ओव्हरलोड, म्हणजे आवाज फाटणार. लगेच नॉब फिरवून लेव्हल खाली आणायची. वर्षानुवर्षं हेच केल्यावर हात डोक्याला विचारत नाही.

त्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. सलग तिसरी शिफ्ट. डोळे चुरचुरत होते, चहासुद्धा नकोसा झाला होता. सीन साधा — नायिका आजारी वडिलांच्या उशाशी बसून हळू बोलते. वर, छताला दोरांनी टांगलेल्या फळीवर लाइटवाला दौलू. कोडोलीचा गडी, वयानं माझ्याहून मोठा. मी त्याला दौलूदा म्हणायचो.

टेक सुरू झाला. चार-पाच वाक्यं झाली आणि काटा एकदम उसळून लाल पट्टीत गेला. तिथंच थरथरत राहिला. हेडफोनमध्ये मात्र नायिकेचा हळू आवाज, बाकी काही नाही! वायर लूज असेल, मी मनात म्हटलं. टेक थांबवायचा म्हणजे आणखी अर्धा तास... जिवावर आलं. मी नॉब पार खाली आणला.

पाच-सहा सेकंद गेले असतील. वरचा दोर तुटला. फळी, लाइट आणि दौलूदा, सगळं एकदम खाली आलं.

जीव वाचला, पण उजवा पाय गेला.

तेव्हा आवाजही फिल्मवरच उतरायचा. दोन दिवसांनी साऊंडची फिल्म धुऊन आली. डायरेक्टरनी मला बसवून ऐकवली. नायिकेचं बोलणं मध्येच अगदी बारीक होतं, आणि मग तो धडाका... स्वच्छ. कुठंही फाटलेला नाही.

"आवाज आधीच कमी केलास. का?"

"काटा वर गेला होता."

"कशानं? इथं तर काहीच ऐकू येत नाही."

दोर कुरकुरला असेल म्हणावं, तर तो फिल्मवर उमटायला हवा होता. मीटर, वायरी, माइक — सगळं उघडून तपासलं. दोष सापडला नाही.

ही बातमी दवाखान्यापर्यंत पोचली. मी भेटायला गेलो तेव्हा दौलूदानं उशीवरून मान वळवली.

"सायेब, तुमास्नी आधीच कळलं हुतं म्हणं?"

"काटा हलला, दौलूदा. कशानं ते कळलं नाही."

"मग एक हाक मारायची की वं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी एवढंच म्हणालो, "दमलो होतो."

त्यानं छताकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय... दमलोच हुतो सगळी. माझंबी सकाळी दोर बघायचं ऱ्हायलं."

पुढं कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. प्रत्येकानं वेगळं कारण सांगितलं, एकही पटलं नाही. काटा कशानं हलला, मला आजही माहीत नाही. मी हाक का मारली नाही, ते मात्र माहीत आहे.