टाकीखालची अंगणवाडी

आमच्या गावातली अंगणवाडी पाण्याच्या टाकीला खेटून हाय. टाकी उंच, जुनी, चार खांबावर उभी, आन तिच्या सावलीत माझं तीन वर्षांचं लेकरू रोज खिचडी खायचं. खांबाचं शिमिट गळायलं होतं, आतलं लोखंड बाहेर आलं होतं, गंजलेलं. मी सातवी शिकलेली, मला काय कळतंय म्हणा, पण लेकराच्या ताटलीत शिमिटाचा खडा निघाला तवा कळायला शाळा लागत न्हाई.

बायांनी लय ओरडा केला तवा तालुक्याहून इंजिनेर साहेब आला. पोरगाच होता. हातोडीनं खांब ठोकून बघितले, वर चढला, खाली उतरला तर तोंड पांढरंफटक. मी लेकराला धरून तिथंच उभी. इचारलं, "साहेब, पडती का?" त्यानं माझ्याकडं बघितलं, मग सरपंचाकडं बघितलं आन म्हणला, "मी सांगतो त्यांना."

त्यांना! लेकरू माझं आन सांगायचं त्यांना.

मग पंचायतीत दार लावून बसले. सरपंच, मेंबर लोक, ग्रामसेवक आन तो साहेब. आत चहा गेला, आमी बाया बाहेर वट्यावर. दार उघडलं तवा ग्रामसेवक म्हणले, "चला ताई, घरी जावा. चर्चा झाली."

"काय झाली?"

"ती हापिसातली आतली बाब असती. कर्मचाऱ्यानं दिलेला सल्ला असा चौकात सांगत नसतेत."

एक मेंबर हसला, "वहिनी, तुमाला बी इंजिनेरी करायचीय का? तिकडं भाकर करपायली बघा." सगळे खिदळले. माझी सासू बी हसली, ते मला लय लागलं.

आता ह्याच मेंबराची म्हैस बारा महिने टाकीखाली बांधलेली असायची, वरून पाणी गळतंय, गारवा असतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकराला सोडायला गेले तर म्हैस न्हाई. खुंटा उपटून रस्त्याच्या पल्याड लिंबाखाली ठोकलेला. म्हणजे आत काय बोलणं झालं ते मला तिथंच कळलं.

मेंबर तिथंच उभा, मला बघून हसला. म्हणलं, "भाऊजी, म्हैस काहून हलवली?"

"डास लय झालेत तिथं."

"म्हशीलाच चावायलेत का? लेकरायला न्हाई चावत?"

त्याचं हसू गेलं. "तोंड लय चालायलंय तुझं. घरकुलाच्या यादीत नाव हाय ना तुमचं? मग गप ऱ्हा."

मी लेकराला घेऊन माघारी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्यावरच खेकसला, आपल्याला पत्र्याखालीच मारायचं ठरवलंय का तू म्हणून. मला रडू आवरंना.

आठवड्यानं तो साहेब परत आला, फाट्यावर फटफटी लावून चहा पीत होता. मी तशीच पळत गेले, दम लागलेला, म्हणलं, "साहेब, तुमी त्यांना पडती म्हणून सांगितलं ना? मग आमाला काहून न्हाई?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. "ताई, दार बंद असतंय म्हणून तर मी खरं बोलू शकतो. उद्या हे चौकात आलं तर आमच्यातला कोणीच खरं बोलणार न्हाई. नोकरी हाय."

खोटं न्हवता बोलत तो. भ्या मला बी हाय, मला कळतंय ते. पण माझं डोकंच फिरलं. "खरं बोललात, पण ते पोचलं कुणाला? म्हशीला! लेकरं अजून तिथंच जेवायलीत!"

त्यानं फटफटीला किक मारली आन म्हणला, "तुमचं लेकरू पाठवू नका. मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नका."

म्हणजे आता मला बी दाराच्या आत घेतलं. माझं एकटीचं लेकरू वाचवा आन बाकीच्यांची? फाट्यावरून मी सरळ अंगणवाडीत गेले आन दारातूनच बोंबलले, "इंजिनेर साहेब म्हणलाय टाकी पडती! लेकरं उचला आपापली!" बाया धावत आल्या, पाच मिनिटात खोली रिकामी.

त्या साहेबाची बदली झाली म्हणतेत. माझ्यामुळं असंल. घरकुलाचं कोणी बोलंना झालंय. आन परवा नवा साहेब आला. त्यानं खांबाला हात बी लावला न्हाई, रस्त्यावरूनच बघितलं आन आमच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "काही धोका न्हाई, बिनधास्त पाठवा."

टाकी तशीच हाय. अंगणवाडीची ताई रोज सकाळी घरी येती. "पाठव की गं आता. साहेब सगळ्यादेखत बोललेत ना?"

"म्हणूनच न्हाई पाठवत," म्हणलं.