डोहातली बारकी

मुकुटबनच्या अलीकडे आमचं गाव. गावाखालच्या नाल्यात करंजाच्या सावलीचा एक डोह आहे. नाल्याची धार तुटली तरी डोहात कमरेइतकं पाणी राहतं, आणि त्या पाण्यात बारकी असायची. बोटाच्या दोन पेरांएवढी मासळी, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. करंजाच्या लोंबत्या मुळ्यांशी थवा करून राहायची. वरून मुंगी पडली की सगळा थवा एकदम वळायचा. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा मी तिचं शास्त्रीय नाव पाठ केलं होतं. फवारणीचं औषध थोडं जरी पाण्यात गेलं तरी ती मरते, हेही मला ठाऊक होतं. त्यामुळे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

बी.एस्सी. होऊन चार वर्षं झाली होती, नोकरी नव्हती. बाबांच्या कपाशीवर मीच फवारायचो. त्या वर्षी पाऊस मध्येच उघडला होता आणि नाल्याची धार थांबली होती. एका दुपारी पाठीवरचा पंप गळायला लागला. शर्ट भिजला, डोळे चुरचुरायला लागले. लाइन गेल्यामुळे विहिरीवरची मोटर बंद होती. डोह बांधाला लागूनच. मी पंपात उरलेलं औषध त्यात ओतलं, पंप धुतला, शर्ट खळबळला. पाणी दुधासारखं झालं. मी घरी येऊन आंघोळ केली आणि जेवलो.

सकाळी आत्या धावत आली. फुफाजी गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. जुन्या लुगड्यानं बारकी धरायची, वाळवायची.

"सारा डोह पांढरा झाला रे!"

बारकी पोट वर करून तरंगत होती. काही अजून जागच्या जागी गरगर फिरत होती. खेकडे काठावर येऊन मेले होते.

पाण्यात बांबूचा एक सापळा होता. तो पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका म्हाताऱ्याचा. म्हातारा सापळा काढायला आला, तोवर गावातली चार-पाच माणसं जमली होती.

"यानंच टाकलं औषध, मासे धराले."

म्हातारा म्हणाला, "मी रोज इथलंच पाणी पेतो. मी कायले टाकीन?"

एकानं सापळा पायाखाली मोडला. दुसऱ्यानं त्याच्या कानाखाली मारली. आत्याही म्हणाली, "आमच्या पोटावर पाय देला तुनं." म्हाताऱ्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याही. मी गप्प उभा राहिलो.

पुढे कितीतरी दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी आत्या चुलीपाशी एकटी असताना सांगून टाकलं. ती ओरडली नाही. हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल पोडावर."

म्हातारा अंगणात बांबू सोलत होता. आत्यानं हात जोडले. "माह्या तोंडातून वंगाळ गेलं, दादा. काम याचं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तवा काहून नाही बोलला?"

त्यानं हातातला बांबू खाली ठेवला.

"गावात सांगशीन?"

"सांगतो."

त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं. ज्यानं मारलं होतं तोही तिथंच होता. तो हसला. "जाऊ दे ना बे. मासळीच तर होती." कोणी पोडावर गेलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, की हे बोलून दाखवायची काय गरज होती?

नंतर दोन पावसाळे झाले. नाला वाहतो, डोह भरतो. पण बारकी मला एकदाही दिसलेली नाही. आत्या त्या काठावर जात नाही.

म्हाताराही त्या वाटेनं येत नाही. बाजाराच्या दिवशी लांबच्या सडकेनं पायी जातो. मी दोनदा त्याच्याजवळ गाडी थांबवली, बसा म्हणालो. त्यानं मान वळवली नाही, चालत राहिला.