व्ह्यूफाइंडरची गादी

खालापूरला कचेरीजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो हे काढायचे. धुवायचं, वाळवायचं, कापायचं काम माझं. गिऱ्हाइकासमोर मी यायचं नाही, हा यांचा नियम. मी पडद्याआड.

सत्तर सालाच्या आसपास कधीतरी हे कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीवर, चिडायला लागले. त्याची पत्र्याची कड चष्म्याला घासते, डोळा नीट टेकत नाही, म्हणून बाहेरगावचे फोटो हलतात, असं म्हणायचे. फोटो पुसट येत होतेच. स्टुडिओतले तेवढे ठीक यायचे. तिथे खुर्चीची आणि कॅमेऱ्याची जागा ठरलेली होती, फोकस नव्यानं जुळवावा लागत नसे.

मी सायकलच्या ट्यूबची चकती कापून कडेला चिकटवली. चौक गावच्या एका लग्नात घामानं तिचा काळा रंग उतरला आणि हे डोळ्याभोवती कडं घेऊन घरी आले. मला हसू आवरेना. मग मखमलीच्या तुकड्यात कापूस भरून छोटी गादी शिवली. "आता कसं, झकास!" हे म्हणाले. माझ्या स्वयंपाकाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, त्यामुळे मी हुरळले. महिन्याभरात ती टोचायला लागली. मी उसवून पुन्हा शिवली. मग आणखी एकदा.

पळसदरीच्या एका शेतकऱ्यानं म्हाताऱ्या आईचा फोटो काढायला यांना घरी नेलं होतं. तिचा तो पहिलाच फोटो. पंधरा दिवसांनी तो न्यायला आला. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, डोकं भादरलेलं, टोपी हातात. फोटो त्यानं उजेडाकडे धरला.

"दादा, ह्यात माझी आय कुठं हाय?"

मागच्या दारावर टांगलेल्या भाताच्या लोंब्या स्वच्छ दिसत होत्या. तोंड धुरकट होतं.

"हात हलला," हे म्हणाले. "परवा येतो परत. आजींना म्हणावं, तयार राहा."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आय गेली." फोटो खिशात घालून तो निघून गेला.

दोन हातांच्या अंतरावर उभ्या माणसाचं भादरलेलं डोकं यांना दिसलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पनवेलच्या डॉक्टरनं सांगून वर्ष झालं. नजर चष्म्यानं सुधारणारी नाही."

"मग मला गाद्या का शिवू दिल्यात?"

"तू शिवायला बसलीस की मलाही वाटायचं, दोष त्या पत्र्याचाच आहे."

मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. मी भात टाकला. आम्ही जेवलो, भांडी घासून झाली, तरी आत सगळं बधिरच होतं.

सकाळी एकजण अर्जाला लावायचा फोटो काढायला आला. मी सवयीनं पडद्याआड गेले. हे खुर्चीतून उठले नाहीत.

"बाहेर ये गं," यांनी हाक मारली, आणि त्या माणसाला म्हणाले, "बसा. फोटो ही काढते."