कोंडीरामच्या नावानं

कुंभिवलीजवळच्या त्या औषधांच्या गोदामात बावीस माणसं कामाला होती, आणि कॉम्प्युटरला विचाराल तर बावीसच्या बावीस कोंडीराम. झालं असं, की मालाच्या नोंदी सर्व्हरवर गेल्या तेव्हा पहिलं नाव मिळालं ते कळंबच्या कोंडीराम साळव्यांना. बाकीच्यांची नावं आज होतील, उद्या होतील करत राहूनच गेली. पासवर्ड तर कुणी ठेवलाच नव्हता. "काकांचं नाव टाक की," म्हणायचं आणि आत शिरायचं. काकांना राग येण्याऐवजी छाती फुगायची. त्यांच्या वडिलांचं नाव कुठल्या कागदावर धड लिहिलेलं नव्हतं, आणि इथं शिकलीसवरलेली पोरं सकाळी उठून ह्यांचं नाव घेत होती.

हा गोंधळ मिटवायला आणलेली मुलगी म्हणजे शेलूची पौर्णिमा जाधव. हुशार, फटकळ आणि जरा जास्तच घाईची. तिला कायम करायचं की नाही, ते पुढच्या महिन्यात ठरणार होतं.

गेल्या मंगळवारी मात्र भलतंच घडलं. फ्रिज बंद पडून गरम झालेल्या इन्सुलिनचे खोके अडवून ठेवले होते. कुणीतरी नोंद बदलून ते मोकळे केले. खोके कर्जतच्या एका दुकानात पोचले. दुकानदारानं वेळीच ओळखलं म्हणून कुणाला टोचलं गेलं नाही. नोंदीपुढे नाव होतं कोंडीरामचं. मॅनेजर साईराज साहेबांनी त्यांच्याकडे राजीनामा मागितला, आज सोमवारी पाच वाजेपर्यंत. निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस.

"मी नाय केलं गं," काका सकाळीच तिला म्हणाले. "पन माजंच नाव हाय, तर सांगू कुनाला?"

"नाव असं वाटत सुटतात का, काका?" तिनं सुनावलं आणि कामाला बसली.

कुणाला, कुठल्या मशीनवरून, काय विचारून आत घ्यायचं ह्याची सर्व्हरकडे यादी असते. वरून जी ओळ पहिली लागू पडते तीच तो मानतो. खाली बघतही नाही. इथं पहिलीच ओळ होती: गोदामातला कुणीही, न विचारता. तिनं ती काढून टाकली आणि बावीस नावं, बावीस पासवर्ड घातले. मग तिच्या लक्षात आलं, की कोण कधी आणि कुठल्या मशीनवरून आत आलं हेही सर्व्हर टिपून ठेवतो. फक्त सात दिवस. मंगळवारचं टिपण उद्या सकाळी पुसलं गेलं असतं.

सव्वाचार वाजले होते. नोंद बदलली त्या वेळी, मंगळवारी अकरा चाळीसला, एकच कोंडीराम आत होता, मशीन क्रमांक चोवीस. हा पॅकिंगमधला रुपेशच, असं तिनं मनात ठरवूनही टाकलं. चिकटवलेले आकडे बघत ती गोदामभर फिरली. रुपेशचं मशीन निघालं सतरा. काकांचं अकरा. चोवीस कुठंच नव्हतं.

जागेवर परत आली आणि स्वतःच्या मशीनचा आकडा तिनं पहिल्यांदाच वाचला.

मंगळवारी तिनं सगळ्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरला दिलेल्या एकाच हुकमात दुरुस्त केल्या होत्या. अडवलेला माल त्यातून वगळायचा राहिला, म्हणून तोही मोकळा झाला. आणि ह्या कामासाठी तिला एकटीला दिलेला पासवर्ड टाकायचा कंटाळा, म्हणून नाव टाकलं होतं काकांचं. नुसतं गप्प बसलं तरी भागत होतं. उद्या सगळं आपोआप पुसलं जाणार होतं. दहा मिनिटं ती खरोखरच गप्प बसली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

ती केबिनमध्ये शिरली तेव्हा काकांनी सहीसाठी पेन उघडलं होतं. तिनं छापलेलं टिपण साहेबांपुढे ठेवलं. "सर, चोवीस नंबर माझा आहे. चूक माझी. काकांनी काही केलेलं नाही."

साईराज साहेब कागद वाचू लागले. काका तिच्याकडेच बघत होते.

"माजं नाव घेतलंस त्याचं काय नाय, पोरी," ते सावकाश म्हणाले. "पन सकाळी मलाच बोललीस."