मूत्रपिंडातली गाठ बघायला आलेली मंडळी

माझ्या खाटेभोवती शिकाऊ डॉक्टर जमले होते. त्यातली एक मुलगी मान खाली घालून स्टेथोस्कोपची नळी बोटाभोवती गुंडाळत होती. मला तरुणपणची मी आठवले. बघायला आलेल्या मंडळींसमोर पदर पिळत बसलेली, विचारल्यावर स्वतःचं नावही न सुचलेली बावळट! नजर तीच असते. आपणच तिच्यापुढे कधी आक्रसतो, कधी पाय पसरून बसतो.

आता मला बघायला रांग लागते. प्लाझ्मा नावाच्या पांढऱ्या पेशींची कर्करोगाची गाठ सहसा हाडांच्या मज्जेत होते; माझी उगवली मूत्रपिंडात. फार दुर्मीळ म्हणे! ते मूत्रपिंडच काढलं. गाठ आणखी कुठे पसरली का, ते आज कळणार होतं.

"विचार गं, लाजतेस काय?" मीच त्या मुलीला म्हटलं.

"आजी, भीती वाटतेय?"

"वाटते की! पण तुझं तोंड बघता तुलाच जास्त वाटतेय."

तेवढ्यात मोठे डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. "आजी, हाडांत काही नाही, मज्जेतही नाही. सगळं स्वच्छ!"

मी कुणाचा हात न धरता खाली उतरले. "पोरांनो, आता मी चारचौघींसारखी साधी म्हातारी झाले. सरका, घरी जायचंय मला!"